अण्णांची जाड बोटं आणि माळ्यावरची गिटार : सांगलीतलं एक प्रकरण

गिटार शिकायला येणारा पन्नाशीतला माणूस पहिल्याच भेटीत काहीतरी कबुली देऊन टाकतो. बोटं जाड आहेत म्हणतो, वय झालंय म्हणतो, नाहीतर आमच्या घराण्यात कुणाला गाण्याचं अंगच नाही म्हणतो. ह्या प्रकरणातल्या अण्णांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हणाले, "सर, तुम्ही एकदा बघून जमणार नाही म्हणून सांगा, म्हणजे मी मोकळा." म्हणजे माणूस शिकायला आलाच नव्हता, सुटका करून घ्यायला आला होता.

मी विश्रामबागेत संध्याकाळी गिटार शिकवतो, बॅच बहुतेक शाळा-कॉलेजच्या पोरांची. त्यात हे एकटे काका. प्रकरण सविस्तर लिहितोय कारण अगदी कोरा माणूस अडकला की दोष पहिल्यांदा त्याच्या बोटांवर जातो, त्याच्या हातातलं लाकूड कुणी तपासत नाही आणि त्याला दिलेला धड्यांचा क्रम तर कुणीच तपासत नाही. अण्णांच्या बाबतीत दोन्हीकडं घोळ होता, आणि गंमत म्हणजे दोन्ही घोळ एकमेकांना खतपाणी घालत होते.

अण्णांची माहिती थोडक्यात. वय ५१, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात, राहायला गावभागात. गिटार पोराची. पोरगं पुण्याला शिकायला गेलं, तिथंच नोकरीला लागलं, गिटार माळ्यावर राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं, आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेलेली, तेव्हा ह्यांच्या खालच्या खोल्यांतलं सगळं गेलं आणि माळ्यावरची गिटार वाचली. वाचली म्हणजे पाण्यात बुडाली नाही एवढंच, नंतर कितीतरी दिवस त्या घराच्या भिंतींना ओल होती आणि गिटार त्याच हवेत पडून. मग गेल्या दिवाळीत माळा साफ करताना सापडली, टाकून द्यायला जीव होईना, म्हणून अण्णांनी मोबाईलवर व्हिडिओ लावून स्वतःच सुरुवात केली. दोनेक महिने रोज जेवण झाल्यावर बसायचे. बोटांना चिरा पडल्या, एकही कॉर्ड (एकत्र छेडायचे तीन-चार स्वर) धड वाजला नाही, काकू आतनं म्हणाल्या "आता बास करा की", आणि बास झालं.

काकूंबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढं तीच कामाला आली. काकू भजनी मंडळात गातात, घरात पेटी आहे, आवाज चांगला आहे. अण्णांनी हे मला पहिल्या भेटीत सांगितलंच नाही. त्यांच्या मते त्याचा गिटारशी काय संबंध.

तपासणी

मी सांगितलं, येतं ते वाजवा. त्यांनी ई मायनर धरला. हा सगळ्यात सोपा कॉर्ड, दोनच बोटं लागतात, चौथ्या आणि पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), बाकी तारा मोकळ्या. त्यातल्या दोन तारा ठप्प, एक खरखरत होती, आणि जे काही वाजत होतं ते मायनर नव्हतंच, चक्क ई मेजर ऐकू येत होता. बोटं तर बरोबर जागी होती. ट्यूनिंग बघितलं तर तिसरी तार जी ऐवजी जी शार्पला, म्हणजे अर्धा स्वर वर, ताणलेली. विचारलं कसं लावलं, तर मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये जी अक्षर आलं की थांबायचे, त्याच्या शेजारी जी बारीक जाळीसारखी खूण येते ती डिझाईन आहे असं समजून. आता ज्याला कुणी सांगितलंच नाही त्याला ती शार्पची खूण आहे हे कळणार कसं? ई मायनरमध्ये तिसरी तार मोकळी वाजते, ती जी असली की मायनर, अर्धा स्वर चढली की मेजर. म्हणजे दोन महिने हा माणूस बरोबर बोटं ठेवून चुकीचा कॉर्ड ऐकत होता आणि व्हिडिओशी जुळत नाही म्हणून स्वतःला शिव्या देत होता.

मग मी माझी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. तीच बोटं, तोच ई मायनर, सहाच्या सहा तारा वाजल्या. अण्णांनी परत एकदा छेडून बघितलं आणि काहीच बोलले नाहीत.

माझ्या मते तपासणी खरी इथंच संपते. नवीन माणसाची तक्रार ऐकली की पहिलं काम हेच करावं, त्याला दुसरी, नीट सेट केलेली गिटार द्यावी. तिच्यावर पण ठप्प वाजत असेल तर मग हाताकडं बघा. आमच्याकडं उलटं चालतं, आधी सहा महिने सराव कर म्हणून सांगतात आणि मग कुणीतरी सहज हातात घेऊन बघतो आणि म्हणतो अरे ह्या गिटारला काय झालंय.

काय झालं होतं ते सांगतो. स्टीलची पट्टी लावून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली. फ्रेटच्या माथ्यापासून जाड सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत साधारण २.५ मिमी आणि बारीक पहिल्या तारेला २ च्या आसपास असलं की ॲकूस्टिक गिटार नवशिक्याला झेपते. इथं जाड तार ४ च्या वर होती, बारीक साडेतीनला. कारण दिसत होतं, ब्रिजच्या, म्हणजे पोटावरच्या ज्या पट्टीत तारा अडकवतात तिच्या, मागं गिटारचं पोट फुगलेलं आणि ब्रिजची मागची कड किंचित उचललेली, व्हिजिटिंग कार्डाचं टोक आत जात होतं. पुराच्या ओलीनं प्लायवूड फुगलं, त्यात तारा पूर्ण ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या, मग ब्रिज वर येणारच. तारा कुठल्या, तर बाराच्या म्हणजे जाड सेटच्या, गंज चढलेल्या, वाजवल्यावर बोटं काळी व्हायची. बाराचा सेट लावला की सहा तारांचा मिळून ओढ सत्तर किलोच्या पुढं जातो, दहाच्या सेटला तो साठच्या आतबाहेर राहतो. नवशिक्याला बारा लावून देणं मला कधीच पटलेलं नाही, आवाज भरदार येतो हे खरं पण आवाज ऐकायला माणूस टिकला पाहिजे ना.

आणि तिसरं म्हणजे नट. गिटारच्या डोक्याकडं जी पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतनं तारा जातात, ती. ह्या गिटारच्या खाचा मुळातच उथळ होत्या, कारखान्यातनं तशाच आलेल्या असणार, स्वस्तातल्या गिटारला हे फार दिसतं. त्याची सोपी परीक्षा आहे, घरी कुणीही करू शकतं. तिसऱ्या फ्रेटला तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर बघायचं, तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट पाहिजे, इथं नुसत्या डोळ्यांना ठळक दिसत होती. अजून एक परीक्षा, पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, आणि कॅपो लावल्यावर कॉर्ड एकदम सोपे वाटायला लागले की समजायचं नट उंच आहे. कारण कॅपो लावला की नटचा संबंधच संपतो, कॅपो हाच नवा नट. अण्णांना लावून दिला, ते म्हणाले "आता कशी मऊ झाली ओ एकदम?"

आता ह्या उंच नटचा आणि व्हिडिओतल्या धड्यांचा संबंध बघा. नट उंच असला की सगळ्यात जास्त जोर लागतो पहिल्या फ्रेटला, कारण तिथं तार नटच्या अगदी जवळ असते आणि वाकायला तयार नसते. दुसऱ्या तिसऱ्या फ्रेटला त्रास बराच कमी. आणि अण्णा ज्या व्हिडिओंच्या मागं लागले होते त्यात पहिला कॉर्ड सी, मग ए मायनर, मग थेट एफ. तिन्ही कॉर्ड पहिल्या फ्रेटवर बोट मागतात, एफ तर एका बोटानं अख्खा फ्रेट झाकायला लावतो. म्हणजे ह्या विशिष्ट गिटारवर जे सगळ्यात अवघड तेच पहिल्या पंधरवड्यात. बोटं जाड असती काय नि बारीक असती काय, रडायची वेळच आली असती.

हाताचे दोष पण होते, नाही असं नाही. बोटं दिसावीत म्हणून गिटार मांडीवर जवळजवळ आडवी झोपवायचे, त्यानं मनगट मुडपतं. फ्रेटच्या मधोमध दाबायचे, खरं तर फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून अलीकडं दाबलं की निम्म्या जोरात काम होतं. हे दोन दिवसांत सुटलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

मिरज

नवीन गिटार घ्या म्हणून सांगणं सोपं होतं. पण अण्णांना पोराचीच गिटार वाजवायची होती, आणि सांगलीत राहून मिरज दहा किलोमीटरवर असताना वाद्य टाकून द्यायचं म्हणजे जरा लाजच. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवायचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. तिथं माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, तंबोऱ्यांबरोबर गिटारची किरकोळ कामं पण घेतात. त्यांच्या खोलीत वर आढ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात ते, आणि खाली अण्णांची प्लायवूडची गिटार. मला वाटलेलं ते नाक मुरडतील. त्यांनी गिटार उचलली, बोटानं पोटावर दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, आतल्या आधारपट्ट्या सुटलेल्या नाहीत एवढं बघितलं आणि म्हणाले, "ह्याला काय झालंय, घोडी उठलीय फक्त." घोडी म्हणजे आपला ब्रिज.

कामं त्यांनी अशी केली. ब्रिजखाली सरस भरून शिकंजा लावून दाबून ठेवला. नटच्या खाचा कानशीनं एकेक करून उतरवल्या, प्रत्येक दोन घासण्यांनंतर तार घालून बघत, कारण खाच एकदा जास्त खोल गेली की तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढणाऱ्या हाताला हे शिकवायला लागत नाही, तंबोऱ्याच्या घोडीवर तर ह्याच्यापेक्षा बारीक काम असतं. मानेतला रॉड ॲलन कीनं किंचित फिरवला. ह्या रॉडबद्दल एक गैरसमज फार आहे की तो फिरवून तारा खाली आणता येतात. तो मानेचा बाक सरळ करायला असतो, तारेची उंची हा त्याचा विषय नाही, आणि जोर लावून फिरवला तर मान कायमची जाते.

उंचीचा खरा उपाय म्हणजे ब्रिजवरची पांढरी पट्टी, सॅडल, खालून घासणं. हिशेब असा की बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायची असेल तर सॅडल २ मिमी घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. अण्णांना हा हिशेब लगेच पटला, अडतीवरचा माणूस. पण सॅडल मुळातच फार वर नव्हती, पोट थोडं फुगलेलंच राहिलं, त्यामुळं जाड तार ३ मिमीच्या आसपास येऊन थांबली. आदर्श नाही. कारागीर म्हणाले ह्याच्यापुढं नेली तर तारेचा सॅडलवरचा दाब कमी होऊन आवाज मरेल, तेव्हा एवढ्यावर भागवा. मग दहाचा सेट चढवला, चार-पाचशे रुपयांच्या आत येतो, आणि सगळं मिळून नवीन गिटारच्या मानानं किरकोळ खर्चात काम झालं.

निघताना कारागिरांनी विचारलं की घरात पेटी आहे का. तेव्हा कुठं मला काकूंच्या भजनाचं कळलं. अण्णा म्हणाले, "आहे की, हिची. काळी चारवर गाते." मी गाडीला किल्ली लावता लावता थांबलो.

काळी चार

आपल्याकडं पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरनं सांगतात. पांढरी एक म्हणजे सी. काळ्या पट्ट्या मोजत गेलं की काळी चार म्हणजे जी शार्प. आणि गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो लावून जी वाजवला की तो निघतो जी शार्प. म्हणजे नटमुळं आपण जो कॅपो पहिल्या फ्रेटला परीक्षा म्हणून लावला होता, तोच लावून ठेवला आणि जी घराण्यातले कॉर्ड वाजवले की सरळ काकूंची पट्टी.

मग मी व्हिडिओवाला क्रम पूर्ण बाजूला ठेवला. सी नाही, ए मायनर नाही, एफ तर नाहीच नाही. जी पासून सुरुवात, आणि तो पण चार बोटांचा. फ्रेट आता कॅपोपासून मोजायचे. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, ही दोन बोटं एकदा ठेवली की उचलायचीच नाहीत. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचव्यावर दुसऱ्याला, झाला जी. आता मधलं बोट आणि तर्जनी दोन्ही एकेक तार खाली सरकवा, मधलं पाचव्यावर, तर्जनी चौथ्यावर, फ्रेट तेच, आणि सहावी तार छेडायची नाही. हा सी ॲड नाइन, सी च्या जागी बिनधास्त चालतो. तर्जनी पाचव्या आणि मधलं बोट चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला, की ई मायनर सेवन. राहिला डी, त्यात अनामिका जागेवरच राहते, फक्त करंगळी उचलून मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला येतं आणि तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्याला.

आता हे चारही कॉर्ड परत बघा, पहिल्या फ्रेटवर एकही बोट नाही. जिथं ही गिटार त्रास देते ती जागाच वगळली गेली. आणि जी दोन बोटं गाडून बसलीयत त्यांच्यावर वाजतात प आणि सा. म्हणजे डी सोडला तर प्रत्येक कॉर्डमध्ये बारीक दोन तारांवर प-सा चालूच राहतो, गाणाऱ्या बाईला आधार सुटत नाही. इंग्रजी गाण्यांसाठी गिटारवाले ही बोटं वापरतातच, पण भजनाच्या पट्टीवर ती इतकी चपखल बसतील असं मला पण आधी सुचलेलं नव्हतं.

करंगळी सुरुवातीला ऐकेना. ती सगळ्यांचीच ऐकत नाही. रोज सकाळी दहा मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं एवढंच ठरवलं, एका बैठकीत तासभर नाही. बोटांची टोकं दुखणं चालेल, दोन ते चार आठवड्यांत कातडी घट्ट होते, पण मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली की तिथल्या तिथं थांबायचं, ती सहन करायची कळ नाही. आणि भडंग खाऊन तारांना हात लावायचा नाही, हे पण सांगावं लागलं, सांगलीत राहतो आपण.

मग भजनं. सगळ्या चाली जी, सी, डी मध्ये बसत नाहीत, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. साध्या शुद्ध स्वरांच्या चाली बसतात. यमनच्या अंगानं जाणाऱ्या चालीत तीव्र मध्यम येतो आणि सी ॲड नाइनमध्ये शुद्ध मध्यम आहे, दोघं एकत्र आले की काकूंचा चेहराच सांगतो. भैरवीत तर गंधार कोमल आणि आपल्या जी मध्ये तो शुद्ध, म्हणजे पहिल्याच कॉर्डला भांडण. आणि शेवट तर भैरवीनंच होतो. त्यासाठी अण्णांना एक युक्ती दिली. जी धरा, त्यातली तर्जनी काढून घ्या, आणि सहाव्या तारेवरच्या मधल्या बोटाचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकू द्या म्हणजे ती मुकी होईल. आता काय वाजतं, सा प सा प सा. गंधारच नाही, त्यामुळं शुद्ध कोमल हा प्रश्नच नाही, भैरवी असो यमन असो, तंबोऱ्यासारखं मागं चालू ठेवा. पोरांना ही पाचवी तार मुकी करायला फार वेळ लागतो, बोटं बारीक असतात, शेजारच्या तारेपर्यंत पोचत नाहीत. अण्णांचं जाड बोट पहिल्याच खेपेला दोन्ही कामं करून मोकळं. मी त्यांना म्हणलं बघा, ते हसले, पण काकूंना हाक मारून परत एकदा वाजवून दाखवलं.

पेटी आणि गिटार जुळेना हा एक मधलाच अडथळा आला. काकूंची पेटी जुनी, ट्यूनरच्या ठरलेल्या ४४० च्या मापापेक्षा जरा चढी लागलेली. ट्यूनर म्हणतो बरोबर आणि कान म्हणतो बेसूर. अशा वेळी पेटी तर बदलत नाही. ट्यूनरमध्ये ४४० चा आकडा एकेक वाढवत जायचा आणि पेटीची काळी चार दाबून ट्यूनरचा काटा मध्यावर आला की त्या आकड्यावर गिटार लावायची. कॅपो लावल्यावर परत एकदा तपासायची, कारण कॅपोच्या दाबानं तारा किंचित चढतात.

हात थांबायचा रोग

इथपर्यंत महिना-दीड महिना. कॉर्ड वाजायला लागले, पण कॉर्ड बदलताना उजवा हात थांबायचा. डावा हात जागेवर जाईपर्यंत उजवा वाट बघायचा, मग परत सुरू. काकूंना गाता येईना, टाळ धरणारं तर चिडेलच. हा नवशिक्याचा सगळ्यात चिवट रोग आहे, आणि मेट्रोनोम लावून तो अण्णांचा सुटेना, टिकटिक ऐकून अजून घाबरायचे.

पण केरवा त्यांच्या कानात होता. इतकी वर्षं घरात भजन चाललंय, आठ मात्रा अंगात भिनलेल्या, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. धा गे ना ती, न के धि न. सांगितलं, तोंडानं म्हणा, आणि हात नुसता हवेत, धा ला खाली, गे ला वर, ना ला खाली, ती ला वर, असं आठही मात्रा. हात थांबवायचा नाही, तारांना लागो न लागो. मग ह्यातनं दोन मात्रा गाळायच्या, गे आणि पाचवी मात्रा, तेव्हा हात फिरतो पण तारांना शिवत नाही. उरलेल्यात वाजवा. हे वाजवलं की जगभर नवशिक्यांना शिकवतात तोच पॅटर्न येतो, खाली, खाली-वर, वर-खाली-वर. आणि गाळलेली पाचवी मात्रा कुठली, तर केरव्याची खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेतात ती मात्रा, तिथंच असते. काकू शेजारी बसून हातानं ताल दाखवत होत्या, बरोबर खालीला त्यांचा हात बाजूला गेला आणि अण्णांचा हात रिकामा खाली आला. अण्णांना त्यानंतर पॅटर्न पाठ करायलाच लागला नाही.

कॉर्ड वेळेत नाही सापडला तर काय? तर मोकळ्या तारा वाजू दे, घाण वाजू दे, पण पुढच्या धा ला कॉर्ड पाहिजे. डी सोडून बाकी कॉर्डमध्ये बारीक तारांवरची दोन बोटं जागेवर असल्यामुळं मधल्या वेळात वाजणारं पण फार घाण वाजत नाही, हा त्या बोटांचा अजून एक फायदा.

हळदीचा सीझन

फेब्रुवारीत नवीन हळद यार्डात यायला लागते, राजापुरीचे सौदे सुरू झाले की अण्णा रात्री उशिरा घरी. त्यात मार्च एंडिंग. गिटार भिंतीला लागून पडली. एप्रिलच्या शेवटाला परत बसले तर बोटं पहिल्यासारखी दुखायला लागली आणि त्यांनी लगेच जुनं गाणं सुरू केलं, वय झालं सर. वयाचा संबंध नव्हता, घट्ट झालेली कातडी वापर नसला की मऊ पडते, विशीतल्या पोराची पण पडते. कॉर्ड मात्र विसरले नव्हते, दुसऱ्या दिवशी हात आपोआप जागेवर. ते परत यायला फार वेळ लागत नाही एवढं त्यांना दाखवून दिलं.

सुट्टीत एक गोष्ट बरी झाली, कारागिरांनी सांगितल्याप्रमाणं अण्णांनी तारा थोड्या सैल करून ठेवल्या होत्या आणि गिटार बॅगेत होती. सांगलीचा एप्रिल लाकूड सुकवतो, पावसाळ्यात नदीकाठचं घर ते फुगवतं, आणि ह्या गिटारचा ब्रिज एकदा उठलेला आहे. पट्टी लावून उंची बघायची सवय लावलीय त्यांना, जाड तार ३ च्या वर जायला लागली की मिरजेला फोन करायचा.

आत्ताची स्थिती

श्रावणात घरच्या भजनाला अण्णा बसले. पहिली दोन भजनं नीट, तिसऱ्यात लय वाढली तसे मागं पडले आणि मग शहाणपणानं सा-प वर जाऊन बसले, शेवटच्या भैरवीपर्यंत. मंडळातल्या बायकांना त्यात काही कमी वाटलं नाही, त्यांना तंबोरा मिळाला.

आता नवीनच काम निघालंय. मंडळातल्या दुसऱ्या एक काकू पांढरी सहावर गातात, त्यांनी विचारलं आमच्यात पण वाजवाल का. त्याला कॅपो दुसऱ्या फ्रेटला, बोटं तीच. काळी पाचला तिसऱ्या फ्रेटला. पांढरी पाच असेल तर कॅपो काढूनच टाकायचा, आणि नट उतरवून घेतल्यामुळं ते पण आता झेपतंय. अण्णांनी हा तक्ता अडतीच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून गिटारच्या बॅगेत ठेवलाय.

डी वर जाताना अजून अडखळतात, कारण तिथं करंगळी उचलावी लागते आणि ती आता उचलायला तयार नाही. सध्या करंगळी तशीच ठेवून डी सस फोर वाजवतात आणि भजनात खपून जातं, पण काकूंचा कान तयार आहे, त्यांनी "इथं काहीतरी राहतंय" म्हणून सांगितलंय. एफ मी अजून काढलेला नाही. ३ मिमी उंचीच्या तारांवर बॅरे, म्हणजे एका बोटानं अख्खा फ्रेट, दाबायला लावून परत बोटांवर आळ घ्यायला नको. आधी तो डी, मग थोडी लय वाढवायची, आणि पोरगं दिवाळीला पुण्याहून येईल तेव्हा त्याच्याकडनं नवीन सॅडलचे पैसे काढायचे असं अण्णांचं चाललंय.